पेपर मुलांचा, चावी कोणाकडे?

लेकीच्या कॉलेजची फी भरून आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी ती पावती घेऊन माझ्यासमोर बसली. जिमखाना, ग्रंथालय, ओळखपत्र, विद्यार्थी साहाय्य निधी अशा बारीक अक्षरांतल्या ओळींवर बोट फिरवत ती एका ठिकाणी थांबली. "अम्मी, हे नियतकालिक शुल्क शंभर रुपये कशाचे?" मी म्हटले, कॉलेजचा वार्षिक अंक निघतो त्याचे. ती म्हणाली, "दोन वर्षे झाली मला या कॉलेजात. मी तर एकही अंक पाहिला नाही."

तिच्या अब्बांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता सांगितले, शंभर रुपयांसाठी ऑफिसात जाऊन भांडू नकोस. भांडायचे नव्हतेच तिला. तिने फक्त मोबाइलवर गुणाकार केला. कॉलेजात मुले अडीच हजार. शंभर गुणिले अडीच हजार म्हणजे अडीच लाख रुपये. एका वर्षाचे.

माझ्या वेळची गोष्ट वेगळी होती असे मी म्हणणार नाही. आमच्या कॉलेजात अंक निघायचा, पण वर्ष संपल्यावर निघायचा. पहिल्या चार पानांवर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, मग अहवाल, मग गुणवंतांची यादी, आणि उरलेल्या जागेत आमच्या कविता. खरी मजा होती ती भित्तिपत्रकाची. जिन्याखाली काचेचे कपाट होते. ड्रॉइंग पेपरवर हाताने लिहून, कडेला नक्षी काढून आम्ही पंधरा दिवसांनी ते बदलायचो. खर्च म्हणाल तर स्केचपेन आणि टाचण्या. मी एकदा त्यात मुलींच्या खोलीबद्दल लिहिले होते. अख्ख्या कॉलेजच्या मुलींना एकच स्वच्छतागृह, त्यालाही कडी नाही, म्हणून एकीने आत जायचे आणि दुसरीने दार धरून उभे राहायचे. एवढेच लिहिले होते. सकाळी लावले, दुपारच्या तासाला कपाट रिकामे. कोणी रागावले नाही, कोणी बोलावले नाही. कपाटाची चावी सरांकडे असायची, आणि त्यांनी ती वापरली. कडी मात्र पुढच्या महिन्यात बसली, हेही सांगायला हवे.

लेकीचा तो अडीच लाखांचा गुणाकार ऐकताना मला हे कपाट आठवले. आणि त्याबरोबर 2025 च्या ऑक्टोबरमधली अमेरिकेतली एक हकीकत आठवली. ती आज सविस्तर सांगते, कारण पैसा आणि चावी यांचा संबंध इतका उघडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. अमेरिकेत कॉलेजचा पेपर म्हणजे वार्षिक अंक नव्हे. मोठ्या विद्यापीठांत तो खरोखरचे वर्तमानपत्र असतो. विद्यार्थीच बातमीदार, विद्यार्थीच संपादक, जाहिराती गोळा करणारेही बरेचदा विद्यार्थी. कित्येक ठिकाणी तो शंभर-दीडशे वर्षे जुना आहे. हार्वर्डचा 'क्रिमसन' 1873 चा, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा 'स्पेक्टेटर' 1877 चा. सोमवार ते शुक्रवार रोज छापून निघायचा आणि वर्गांच्या बाहेर, खानावळीच्या दारात, बसस्टॉपजवळ ठेवलेल्या पेट्यांमधून फुकट उचलायचा, अशी रीत होती.

फुकट कसा परवडायचा? जाहिरातींवर. कॉलेजगावात वीस-तीस हजार तरुण एका जागी राहतात. त्यांना पिझ्झा हवा, भाड्याची खोली हवी, जुनी सायकल हवी, सुट्टीतली नोकरी हवी. गावातल्या प्रत्येक दुकानदाराला या मुलांपर्यंत पोहोचायचा तोच एक रस्ता होता. मग इंटरनेट आले. खोल्यांच्या आणि जुन्या सामानाच्या छोट्या जाहिराती फुकटच्या वेबसाइटवर गेल्या, मोठ्या कंपन्या गूगल आणि फेसबुककडे गेल्या. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनाने कॉलेजेच रिकामी केली, तेव्हा पेटीतला पेपर उचलायलाही कोणी उरले नाही. 'स्पेक्टेटर'ने त्याआधीच, 2014 मध्ये, रोजची छपाई सोडून आठवड्यातून एकदा छापायला सुरुवात केली होती. 'क्रिमसन'नेही 2022 मध्ये तेच केले. हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाच्या पेपरची ही गत, तर लहान गावातल्या कॉलेजांचे काय झाले असेल त्याचा अंदाज करा. तसे पाहिले तर ही तंगी नवीनही नाही. विस्कॉन्सिनचा 'डेली कार्डिनल' हा 1892 पासूनचा पेपर इंटरनेटचा जमाना यायच्या आधीच, 1995 मध्ये, कर्जापायी काही महिने बंद पडला होता.

आता इंडियानाची गोष्ट. ब्लूमिंग्टन गावात इंडियाना विद्यापीठ आहे. तिथला 'इंडियाना डेली स्टुडंट' 1867 पासून निघतो. दुसऱ्या महायुद्धात साध्या शिपायांच्या हकिकती लिहून घराघरांत पोहोचलेला बातमीदार अर्नी पाइल विद्यार्थी असताना याच पेपरात घडला. इतका जुना, नाव असलेला पेपर, पण जाहिराती घटल्या आणि दरवर्षी तूट येऊ लागली. ती तूट विद्यापीठाला भरून काढावी लागे. 2024 मध्ये विद्यापीठाने ठरवले की छपाई बास झाली. 2025 पासून दर आठवड्याचा छापील अंक बंद, वर्षात फक्त मोजके विशेष अंक निघतील, बाकी सगळे मोबाइलवर. इथपर्यंत तक्रार करायला फार जागा नाही. खिशात नसेल तर खर्च कमी करावा लागतो, हे आपल्यापैकी कोणत्या घराला माहीत नाही?

मुलांनी त्यातूनही वाट काढली. विशेष अंक छापायचाच आहे ना, मग त्याबरोबर नेहमीच्या बातम्यांची पानेही छापू. ऑक्टोबर 2025 मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा विशेष अंक येत होता. त्या आठवड्यात जुने विद्यार्थी कुटुंबकबिला घेऊन कॉलेजात येतात, देणगीदार येतात. वरून आदेश आला की या अंकात मेळाव्याची माहिती तेवढी छापा, बातम्या नकोत. पहिल्या पानावर तर नकोतच. विद्यार्थ्यांच्या माध्यमांची देखरेख करणारे जे संचालक होते, त्यांनी हे मुलांवर लादायला नकार दिला. त्यांचे म्हणणे होते, काय छापायचे हे ठरवणे मुलांचे काम आहे. 14 ऑक्टोबरला त्यांना नोकरीतून काढले. आणि त्याच दिवशी पेपरची उरलीसुरली छपाईही बंद केली.

विद्यापीठाचे स्पष्टीकरण होते की हा मजकुराचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. कागदावरून मोबाइलवर जायचे, एवढेच. आता तुम्हीच पाहा. विशेष अंक छापायला पैसे होते. त्यात बातम्या येणार म्हटल्यावर पैसे नव्हते. आमच्या सरांनी निदान काही कारण तरी दिले नव्हते.

पुढचा भाग मला फार आवडतो. इंडियाना राज्यातच, गाडीने दोनेक तासांवर, पर्ड्यू विद्यापीठ आहे. या दोन विद्यापीठांचे फुटबॉलमधले हाडवैर सगळ्या राज्याला ठाऊक आहे. आपल्याकडे दोन गावांच्या कुस्त्यांमध्ये असते तसे समजा. पर्ड्यूच्या मुलांचा पेपर आहे 'एक्स्पोनंट'. तो विद्यापीठाच्या मालकीचा नाही. पन्नासहून जास्त वर्षे वेगळ्या संस्थेमार्फत, स्वतःच्या कमाईवर चालतो. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या विद्यापीठाने त्यांनाही झटका दिला होता. तुमचे अंक आमची माणसे पेट्यांमध्ये ठेवणार नाहीत आणि 'पर्ड्यू' हे नाव तुमच्या नावातून काढा, असे कळवले होते. म्हणजे हे स्वतःच अडचणीत. तरी ब्लूमिंग्टनच्या मुलांचा पेपर बंद झाल्याचे कळताच त्यांनी त्यांच्या पाठिंब्याचा खास अंक काढला, तीनेक हजार प्रती छापल्या, गाड्यांत भरल्या आणि वैऱ्याच्या गावात जाऊन त्या रिकाम्या पेट्या भरून आले.

मुलांना हे करता आले ते कशामुळे? धाडस तर होतेच. पण छापखान्याचे बिल कोणी द्यायचे हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही, हेही तितकेच खरे.

देशभर आरडाओरडा झाला. माजी विद्यार्थ्यांनी देणग्या थांबवण्याची भाषा केली. त्याच विद्यापीठात शिकलेले उद्योगपती मार्क क्युबन यांनी या पेपरला अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांहून जास्त रक्कम दिली होती. तेही जाहीरपणे नाराज झाले. दोन-तीन आठवड्यांत विद्यापीठाने माघार घेतली आणि ठरलेल्या रकमेत बसेल तसे जून 2026 पर्यंत छापा, असे सांगितले. नोकरी गेलेल्या संचालकांनी मात्र कोर्टात दावा केला.

मग पैसा आणायचा तरी कुठून? विद्यापीठाकडून घ्यावा तर ही तऱ्हा. विद्यार्थ्यांच्या फीमधून घ्यावा, तर त्याचीही एक कहाणी आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या 'युनिव्हर्सिटी डेली कॅन्सन'ला प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमधून ठरावीक वाटा मिळायचा. पेपरने विद्यार्थी प्रतिनिधींच्या सभेवर टीका केली. पुढे त्याच सभेने हा वाटा निम्म्यावर आणला. पेपरचे म्हणणे होते की ही टीकेची शिक्षा आहे, आणि 2016 मध्ये ते कोर्टात गेले. त्यानंतर वाटा पूर्ववत झाला. म्हणजे चावी प्राचार्यांच्या खिशातून काढून विद्यार्थी पुढाऱ्यांच्या खिशात ठेवली, तरी कपाट बंद व्हायचे ते होतेच.

बर्कलीच्या 'डेली कॅलिफोर्नियन'ची रीत मला त्यातल्या त्यात बरी वाटते. हा पेपर 1971 मध्ये विद्यापीठापासून वेगळा झाला. तेव्हापासून कमाई आपली आपणच करायची. ती भागेना तेव्हा 2012 मध्ये मुलांनी सगळ्या विद्यार्थ्यांकडे थेट मतदान मागितले. दर सत्राला दोन डॉलर द्याल का? बहुमताने मुलांनी हो म्हटले. पैसा देणाऱ्याला विचारून घेतला, आणि कशासाठी हे सांगून घेतला. माझ्या लेकीच्या पावतीवरची ओळ आणि हे, यांत केवढा फरक आहे.

कोणी म्हणेल, कॉलेजच्या पोरांचा पेपर, बंद पडला तर कोणाचे काय अडते? दोन उदाहरणे देते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 'स्टॅनफर्ड डेली' 1973 पासून स्वतंत्र आहे. तिथे पहिल्या वर्षाला असलेल्या थिओ बेकर या मुलाने विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांमधल्या फेरफार केलेल्या चित्रांबद्दल बातम्या दिल्या. चौकशी लागली, आणि जुलै 2023 मध्ये अध्यक्षांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात 'डेली नॉर्थवेस्टर्न'च्या मुलांनी फुटबॉल संघात चालणाऱ्या रॅगिंगची बातमी छापली आणि दोन दिवसांत नामांकित प्रशिक्षकाला घरी जावे लागले. आपापल्या कॉलेजात काय चालले आहे हे मुलांनाच आधी कळते.

दुसरे उदाहरण तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. रुमैसा ओझतुर्क. टफ्ट्स विद्यापीठात पीएच.डी. करणारी तुर्कस्तानची मुलगी. मार्च 2024 मध्ये तिने आणखी तिघांबरोबर 'टफ्ट्स डेली'त एक लेख लिहिला. गाझाबाबत विद्यार्थी सभेने केलेले ठराव विद्यापीठाने मनावर घ्यावेत, एवढीच त्यात मागणी होती. वर्षभराने, 25 मार्च 2025 ला, रमजानमध्ये इफ्तारीला निघालेली असताना साध्या वेशातल्या, तोंडे झाकलेल्या सरकारी माणसांनी तिला रस्त्यात धरले. सहा आठवड्यांहून जास्त ती कोठडीत राहिली, कोर्टाच्या आदेशाने 9 मे रोजी सुटली. ती चित्रफीत आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली, पण लेख कुठे छापला होता याकडे थोड्यांचेच लक्ष गेले. तो छापला होता विद्यार्थ्यांच्या पेपरात, आणि 'टफ्ट्स डेली' विद्यापीठाच्या पैशावर चालत नाही. विद्यापीठालाच चार शब्द सुनावणारा लेख छापताना त्यांना विद्यापीठाची मर्जी सांभाळावी लागली नाही. त्या अटकेनंतर कित्येक कॉलेजांतली परदेशी मुले आपल्या पेपरांना कळवू लागली की आमच्या जुन्या लेखांवरची नावे काढा. भीती पैशाने जात नाही, हे मान्य. पण स्वतःचा पैसा नसला की भीतीची गरजही पडत नाही, कपाट आधीच रिकामे होते.

आता जी गोष्ट मला आई म्हणून जास्त टोचते ती सांगते. या पेपरांत काम करायचे म्हणजे आठवड्याचे वीस-तीस तास द्यायचे, कधी मध्यरात्रीपर्यंत. मोबदला नाहीच, किंवा अगदी नावापुरता. पेपर तोट्यात गेला की पहिली कात्री या नावापुरत्या पैशालाच लागते. मग राहतात कोण? ज्यांना घरून पैसे येतात ते. ज्या मुलाला संध्याकाळी हॉटेलात ताटे उचलून फी भरायची आहे, तो कितीही चांगले लिहो, संपादकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही. आणि पुढे मोठ्या वर्तमानपत्रांत नोकरी देताना विचारतात की कॉलेजच्या पेपरात काय केले होतेस. 'क्रिमसन'ने हे ओळखून गरजू मुलांसाठी स्वतःच्या निधीतून आर्थिक मदत ठेवली आहे, म्हणजे त्यांना पेपरासाठी नोकरी सोडावी लागली तरी भागेल. सगळ्यांकडे 'क्रिमसन'इतका निधी कुठला?

आपल्या घरांत हे सांगायला अमेरिका लागत नाही. माझ्या ओळखीत एक मुलगा आहे, सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्री नऊपर्यंत कापडाच्या दुकानात. काउंटरवर बसून तो इतके सुंदर मराठी लिहितो की मी दोनदा वाचते. त्याला कोणी म्हटले की कॉलेजच्या अंकासाठी ये, तर तो कुठून येणार? मोहल्ल्यातल्या मुलींची शाळा का सुटते, आपल्याला भाड्याने खोली का मिळत नाही, या बातम्या वर्तमानपत्रांत दुसरेच कोणीतरी लिहिते आणि मग आपण म्हणतो की चुकीचे लिहिले. बरोबर लिहू शकणारा काउंटरवर कापड मोजतो आहे.

महाराष्ट्रात यावर एक उपाय फार जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला घालून दिलेल्या वाटेवरून आपल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत 'कमवा व शिका' योजना चालते. मुले ग्रंथालयात, बागेत, ऑफिसात तासांच्या हिशेबाने काम करतात आणि मोबदला घेतात. पुस्तकांवर नंबर घालण्याचे तास धरता येतात, तर बातमी लिहिण्याचे, मुद्रिते तपासण्याचे, पाने लावण्याचे का नाही? मोबदल्याला पैसे कुठून, असे ऑफिस विचारेल. तर माझ्याकडे ती पावती आहे. अडीच लाखांत चकचकीत कागद, रंगीत फोटो वगैरे जाऊ द्या, वर्तमानपत्राच्या साध्या कागदावर दर महिन्याला आठ पाने काढा आणि चार गरजू मुलांचे तास भरा. माझा हिशेब कच्चा असेल. पण आज त्या पैशाचे काय होते हाही कोणी पक्का सांगत नाही.

हे सगळे मी लेकीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तू लेख लिही, मी अर्ज लिहिते." दोन मैत्रिणींना घेऊन तिने साध्या कागदावर अर्ज केला. मागील दोन वर्षांत नियतकालिक शुल्कापोटी किती रक्कम जमा झाली, अंक निघाला नसल्यास ती रक्कम कुठे आहे, आणि यंदाच्या अंकाच्या संपादक मंडळात विद्यार्थी कोण, एवढे तीनच प्रश्न. तिच्या अब्बांनी तो वाचला, "सविनय" हा शब्द वर घाल म्हणाले, आणि सही करताना मुलींची नावे एकाखाली एक न लिहिता गोल लिहा, म्हणजे पहिली कोण ते कळणार नाही, असेही सुचवले. मुली हसल्या, पण त्यांनी तसेच केले.

ऑफिसातल्या क्लार्कने अर्ज घेतला. पोच मागितली तर आधी नको म्हणाला, मग शिक्का मारून तारीख घालून दिली. ती पोच आता फीच्या पावतीला टाचून ठेवली आहे.